प्रश्नाला दारात उभं करणारी विमल

विमल गेली त्याच्या दहा दिवस आधी मी तिच्याशी फोनवर खोटं बोलले.

आज वर्ष झालं. हे मी कुणालाच सांगितलं नाही. मनातलं सांगायची सवय होती ती एकाच बाईला, आणि आता तीच नाही.

आमची शाळा अंबरनाथ पश्चिमेला. चौथीच्या दोन तुकड्या. अ माझी, ब तिची. मध्ये भिंत नाही, नुसतं प्लायवूडचं पार्टिशन. बावीस वर्षं मी पलीकडून तिचा आवाज ऐकला आणि मधल्या सुट्टीत तिच्या डब्यातली सुकटीची चटणी खाल्ली.

फक्त शाब्दिक उदाहरणं आली की आमचं वाजायचं.

"वांगणीहून सहा टोपल्या जांभळं आली. प्रत्येक टोपलीत चाळीस. त्यातली एकूण तीस चेंगरली. तर विकायला किती उरली?"

आता चौथीचं पोर काय करतं? वाचतच नाही. आकडे उचलतं आणि विचारतं, "बाई, प्लस का मायनस?"

एकाने तर सहा, चाळीस, तीस सगळं मिळवून शहात्तर सांगितलं. विमल शांतपणे म्हणाली, "टोपल्यापण विकल्यास होय रे?"

मी यावर तोडगा काढला होता. तक्ता.
'एकूण' दिसलं की बेरीज. 'उरले' दिसलं की वजाबाकी. 'प्रत्येक' दिसलं की गुणाकार.
स्केचपेनने लिहून भिंतीला चिकटवला. मला माझ्या अक्षराचा भारी अभिमान.

विमल तो बघून म्हणाली, "छान झालाय. पण सुषमा, पोरांनी गोष्ट वाचायची कधी?"

तिची तऱ्हा वेगळी. ती एका पोराला 'प्रश्न' करायची. ते पोर जांभूळवालं होऊन दारात उभं राहायचं. वर्गाने पहिली पायरी सोडवली, दोनशे चाळीस आले, की सगळ्यांनी दाराकडे बघून विचारायचं, "मिळालं का?"

दारातलं पोर म्हणायचं, "नाही. एवढी तर आली. मला विकायला किती ते सांगा."

मग दुसरी पायरी. दोनशे दहा. "मिळालं," म्हणून ते पोर जागेवर जाऊन बसायचं.

एका उदाहरणाला अर्धा तास! मी पार्टिशनवर टकटक करायचे. "अगं बाई, पोर्शन कधी संपवणार? पुढच्या दिवाळीला?"

पलीकडून उत्तर यायचं, "तुझा संपला ना? मग घे जरा डुलकी."

मागच्या वर्षी ती रजेवर गेली. पोटाचं दुखणं. डॉक्टर काय म्हणाले ते तिने माझ्यापासून तीन आठवडे लपवलं. त्याचा राग मला अजून आहे.

बदली शिक्षक काही मिळाले नाहीत. पार्टिशन सरकवलं आणि तिची पोरं माझ्या वर्गात आली, एकेका बाकावर तीन-तीन.

शाब्दिक उदाहरणं सुरू झाली तशी तिच्या पोरांमधली रोशनी उठली आणि सरळ दारात जाऊन उभी राहिली.

"ए, कुठे चाललीस? बस खाली."

"बाई, मग प्रश्न कोण होणार?"

"कुणी नाही. तक्ता बघ आणि सोडव."

ती बसली. पुढचे दोन महिने कुणी उठलं नाही. मी पोर्शन वेळेत संपवला.

चाचणीत तेच जांभळांचं उदाहरण घातलं. तिच्या पोरांनीसुद्धा चाळीसातून तीस वजा करून 'दहा' लिहिलं होतं. 'उरली' दिसलं ना. मी लाल पेनने फुल्या मारत गेले.

त्याच संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज पार बसलेला.

"माझी पोरं कशी आहेत गं?"

"मजेत."

"शाब्दिक उदाहरणं घेतलीस?"

"घेतली की. तुझ्यासारखीच. एकेकाला दारात उभं करते. डोकं उठतं माझं, पण करते."

ती हसली. म्हणाली, "बरं झालं बाई. मग मला काळजी नाही."

दहा दिवसांनी ती गेली.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मी मांजर्लीला तिच्या घरी गेले. सगळं आटोपल्यावर तिचे मिस्टर चहा घेऊन शेजारी बसले.

"पोरांनी फार जीव लावला हो तिला," ते म्हणाले. "रोज संध्याकाळी आपापल्या आईच्या मोबाईलवरून कुणाचा ना कुणाचा फोन. ती रोशनी तर न चुकता. वर्गात काय झालं ते सगळं सांगायची. बाईंनी तक्ता लावलाय, आता दारात कुणी उभं राहत नाही, सगळं."

मी कप तसाच खाली ठेवला.

म्हणजे तिने मला विचारलं तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं. तिच्या पोरांचं मी वाटोळं करत होते, आणि ती मरणाच्या दारात मला सांभाळून घेत होती. चार शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं गं.

पार्टिशन परत लागलंय. पलीकडे नवीन मॅडम आहेत, चांगली पोरगी आहे, मधल्या सुट्टीत कानात इअरफोन घालून बसते. मी माझ्या वर्गात एकटीच डबा खाते. एकदा सवयीने बोलून गेले, "विमल, ऐकतेस का?" पलीकडून ती पोरगी म्हणाली, "मॅडम, काही हवंय का?"

"काही नाही," म्हटलं.

तक्ता मी जूनमध्येच फाडला. पोर्शन मागे पडलाय, मुख्याध्यापक रोज बोलतात. बोलू देत. परवा वर्गाने तीन पायऱ्यांचं उदाहरण सोडवलं, आणि ते सांगायला मी तुझा नंबर लावला. बंद आहे हे माहीत असून लावला.

विमल, मी तुझ्यासारखं शिकवते आता. या वेळी खरं सांगतेय.

हवं तर पोरांना विचार.

तुझ्या सुषमाचा तुला शेवटचा जयभीम.