सर्वेक्षणात न आलेला सुकटीचा वास

मंडळी, आज सौ.ला घेऊन अर्नाळ्याला जुनी गाडी बघायला गेलो होतो. ग्राहकांच्या सर्वेक्षणात हे मॉडेल टिकाऊपणात अव्वल, त्यामुळे मी घरूनच प्रसन्न होऊन निघालो होतो.

इंजिन खरोखर गुणी निघालं. मग दार उघडलं आणि सुकटीचा दरवळ आला!

विकणाऱ्या मावशी हसल्या. "इंजिनाला काय पन झालं नाय, भाऊ. पन सुकट बाजारात हिच्यातूनच न्यायचो. वास जानार नाय."

सर्वेक्षण हे शब्दप्रमाण. प्रत्यक्षप्रमाण थेट नाकात! मी शाकाहारी माणूस, नम्रपणे मागे फिरलो.

सौ. मात्र पुढच्या सीटवर बसून दीर्घ श्वास घेत होती. तिचं माहेर इथलंच, अंगणात सुकट वाळत घालणारं.

"अहो, आईच्या अंगणात बसल्यासारखं वाटतंय. हीच घ्यायची!"

घेतली. इंजिनापुरतं सर्वेक्षण अगदी उपयोगी, हे मान्य. पण तुमच्या घरात शेवटचं मत कोणाचं असतं?