मशीनच खोटं शे
नव्या टीव्हीवरचं प्लास्टिक काढताना जो वास येतो, त्याने मला धुळ्यातली देवपूरची शाळा आठवते, कारण नव्वदच्या दशकात तिथे पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा मी शिकवत होते त्या तिसरीच्या वर्गाशेजारची खोली त्याच वासाने भरली होती. मुलांनी पडद्यावरची गोष्ट वाचून बटणं दाबत उत्तरं द्यायची, मग त्यांचं वाचन कोणत्या इयत्तेचं आहे ते मशीन सांगे. माझ्या वर्गातल्या, घडाघडा वाचणाऱ्या एका मुलीचं वाचन त्याने पहिलीचं ठरवलं. मलाही ते पटेना. पोरीला सगळं पुस्तक येतं, म्हणत तिचे वडील तर तावातावाने आले. "मनी पोरले बठ्ठं पुस्तक येस, बाई. तुमनं मशीनच खोटं शे!" मी पुस्तक उघडलं आणि तिने अख्खा धडा म्हणून दाखवला. मग मी मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं, तर तो तिला वाचता येईना. धडे नुसते पाठ होते. दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर मी तिला अक्षरांपासून शिकवू लागले, आणि वडील दारात बसून माझ्यावर नि मशीनवर नजर ठेवू लागले. दिवाळीच्या तोंडावर तिने पडद्यावरची नवी गोष्ट अडखळत, पण स्वतः वाचली. वडील उठले आणि कोणी हळूच सांगत तर नाही ना, म्हणून टेबलामागे डोकावून आले. मग म्हणाले, "आखो एकदाव वाच, बेटा." तेव्हा त्यांचा आवाज कसा झाला होता, ते मला अजूनही नीट सांगता येत नाही.