सुलाबाईंनी पाडलेली खोली

आमच्या सिडकोत घर जागच्या जागी राहत नाही. आज ओटा, उद्या पत्र्याची शेड, परवा शेडला शटर, असं करत ते रस्त्यावर येतं. सगळ्यांनीच केलंय, मीही. माझं शिलाई मशीन आहे ती जागा नकाशात शोधू नका! आणि शहाणे विचारतात, राहत्या वस्तीत इतकी दुकानं कशी? अहो, आमच्या गल्लीला दोन तोंडं होती. इकडून शिरलेला माणूस टोकाच्या मोकळ्या प्लॉटमधून थेट अंबडच्या रस्त्याला लागायचा. कंपनीत जाणारे सगळे इथूनच. म्हणून शेवटच्या घरातल्या सुलाबाईंची पिठाची गिरणी चालली, देवरामचा वडापाव चालला, माझे ब्लाउज चालले.

मग त्या प्लॉटवर सोसायटी झाली आणि आमच्या तोंडावर भिंत आली. गल्लीत फक्त गल्लीतलेच उरले. देवरामने गाशा गुंडाळला. नवरा गेल्यावर ज्या गिरणीवर सुलाबाईंनी मुलाला, धम्मपालला, शिकवलं, ती दिवसभर गप्प राहू लागली.

आम्ही सोसायटीत गेलो. सेक्रेटरी म्हणाले, "भिंत आमच्या हद्दीत आहे. तुम्ही वळसा घालून जा की."

"लोक वळसा घालतीलच," सुलाबाई म्हणाल्या. "पण मग आमच्या दारात कशाला येतील?"

सेक्रेटरी हसले. ते हसणं आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

सुलाबाईंच्या घराच्या कडेने एक बोळ मागच्या खोलीपर्यंत जायचा. ती खोली पलीकडच्या गल्लीला टेकलेली होती आणि ती गल्ली अंबडच्या रस्त्याला मिळत होती. त्यांनी सरळ गवंडी बोलावला.

"आई, ती माझी खोली आहे. लग्न ठरलंय माझं!" धम्मपाल ओरडला.

"तुम्ही दोघं पुढच्या खोलीत राहा. मी गिरणीत झोपेन."

खोली पाडली. सिडकोत कुणी मागे सरकलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. सकाळी एक सायकलवाला दारात घुटमळला. "मावशी, घरातून जाऊ?"

"घर कुठंय? रस्ता आहे. जा बिनधास्त."

आठवड्यात गर्दी झाली. देवरामची कढई पुन्हा तापली, गिरणीपुढे डबे लागले. तेव्हा सेक्रेटरी स्वतः समजवायला आले. "बाई, लोकांना सवय लागली तर उद्या हक्क सांगतील. ही जागा तुमची राहायची नाही."

सुलाबाईंनी धम्मपालकडे पाहिलं, हाताचं पीठ झटकलं.

"सांगू देत की. म्हणजे माझ्या माघारी माझ्या पोरालाही इथं भिंत घालता येणार नाही."