फुकटची मापवही

शिंप्याच्या दुकानात कोपऱ्यात चिंध्यांचं बोचकं असतं ना, तसे आमच्या ऑफिसात किस्से साठलेत. टाकवत नाहीत, आणि एकेकट्याचं काही शिवूनही होत नाही. म्हणून आज बोचकंच सोडते.

ऑफिस म्हणजे बेंगळुरूच्या जयनगरमध्ये एका बेकरीच्या वरची खोली, आणि आम्ही तिघं. अण्णा म्हणजे मालक, बेळगावकडचा. नेहा नागपूरची, सगळं प्रोग्रॅमिंग तिचं. आणि मी. मी फोन उचलते. आम्ही शिंप्यांसाठी सॉफ्टवेअर बनवलंय: गिऱ्हाइकांची मापं वहीऐवजी मोबाइलमध्ये. अण्णाचं म्हणणं, सॉफ्टवेअर ज्ञानासारखं सगळ्यांना फुकट मिळालं पाहिजे. नेहाचं म्हणणं, ज्ञानाच्या क्लासलाही फी असते, जो वापरतो त्याने पैसे द्यावेत. माझं मत, मी ज्याच्या टेबलाशी उभी असेन त्याचं.

अण्णाची शिल्लक दसऱ्यापर्यंत पुरणार होती. मग ऑफिसला कुलूप, नेहा इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी बघणार आणि मी घरी, हे ठरलेलं होतं. हे सगळं त्या दसऱ्याच्या आधीचं.

*

फुकटातलं गिऱ्हाईक फार कडक. के. आर. पुरमहून एका टेलर मास्टरांचा फोन आला. "दोन दिवस झाले, कॉलरचं माप दिसत नाहीये. माझे पैसे परत करा."

म्हटलं, "मास्टर, तुम्ही पैसे दिलेच नाहीत. ते फुकट आहे."

पलीकडे कात्री दोनदा वाजली. मग म्हणाले, "म्हणून काय परत करणार नाही?"

अण्णाने कॉलर दुरुस्त केली, वर स्वतः तिथपर्यंत जाऊन माफी मागून आला. जाऊन आलाच होता तर एक शर्टही शिवायला टाकून आला. त्याचे पैसे मास्टरांनी आगाऊ घेतले.

*

नेहाने हट्टाने एकदा किंमत लावून पाहिली. महिन्याला शंभर रुपये. पहिलाच फोन एका टेलरबाईंचा. "स्वल्प कमी करा की."

अण्णाला घासाघीस जमत नाही. त्याने माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाला, "तुम्ही फुकटच घ्या."

"एकदम फुकट?"

"एकदम."

"मग काहीतरी खोट असणार," म्हणून बाईंनी फोन ठेवून दिला.

नेहा कपाळाला हात लावून बसली. "अण्णा, तुम्ही काय करून राहिले? शंभरवरून पन्नासवर यायचं असतं. मधे थांबायचं असतं कुठंतरी."

*

आता माझं. शिवणक्लासच्या मुलींना सॉफ्टवेअर दाखवायला गेले होते. माझा लॅपटॉप मागच्या भिंतीवर मोठा दिसत होता. मी भाषणाच्या भरात. फुकट मिळालं तरी किंमत ठेवा, कुणीतरी दिवसरात्र खपून ते बनवलेलं असतं, वगैरे वगैरे. नेमक्या त्याच वाक्याला भिंतीवर लॅपटॉपमधल्या दुसऱ्याच एका सॉफ्टवेअरची चौकट उघडली: 'तुमची तीस दिवसांची मोफत मुदत संपून २,९१४ दिवस झाले आहेत. आता विकत घेणार?'

मी न बघता 'नंतर' दाबलं. आठ वर्षांची सवय.

मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हे पण कुणीतरी दिवसरात्र खपून बनवलं असेल ना?"

*

शेवटी तडजोड झाली. एक बटण लावलं: 'आवडलं तर द्या.' देणाऱ्याचं नाव दिसणार नाही, ही अण्णाची अट. दान गुप्त असावं म्हणे.

महिन्याभरात तीन जणांनी दिले. अण्णा इतका खूष की खालच्या बेकरीतून हनी केक घेऊन आला. केकची किंमत तिघांच्या रकमेपेक्षा जास्त होती, पण तो विषय कुणी काढला नाही.

"बघा," अण्णा म्हणाला, "तीन माणसांना मनापासून द्यावंसं वाटलं."

नेहा बशीत बघत होती. मी खिडकीबाहेर. ती हळूच म्हणाली, "ताई, त्यातली एक मी आहे."

"एक मी," मी म्हटलं.

दोघींनी अण्णाकडे पाहिलं. त्याने खोक्यातला शेवटचा तुकडा उचलला आणि म्हणाला, "केक मऊ आहे आज."

*

आणि आमच्या गिरिजाक्का. मागच्याच गल्लीत त्यांचं दुकान. तीन पिढ्या बेंगळुरूत शिवणकाम करणारं मराठी घर. चौदा वर्षं माझे ब्लाउज त्याच शिवतात. दर वेळी म्हणतात, "मंगळवारी ये." चौदा वर्षांत एकही ब्लाउज मंगळवारी मिळालेला नाही.

दसऱ्याच्या ब्लाउजची चौकशी करायला गेले तेव्हा त्यांना सांगून टाकलं. "अक्का, मापं तुमच्या मोबाइलमध्ये राहतील. पण दसऱ्यानंतर काही बिघडलं तर फोन उचलायला आम्ही नसू."

मशीन थांबलं. "का गं?"

सांगितलं सगळं.

"स्वल्प थांब. मी शिलाईचे पैसे घेते. मग घट्ट झालं म्हणून आलीस तर उसवून देते, त्याचे घेते?"

"नाही."

"आणि तुझं तर दर वर्षी घट्ट होतं."

"अक्का."

"तुम्ही शिलाई फुकट केली, फिटिंगपण फुकट. जेवणार काय?"

दुसऱ्या दिवशी गळ्यात टेप तशीच, अक्का जिना चढून ऑफिसात. अण्णाला म्हणाल्या, "शिलाई फुकट राहू दे तुझी. फिटिंगचे, म्हणजे बिघडलं की फोन उचलायचे, आम्ही देतो, वर्षाचे एकदम. आमच्या टेलरांच्या संघात साठ दुकानं आहेत. मी बोलते."

अण्णाने विचारलं, "म्हणजे सॉफ्टवेअर फुकटच ना?"

"फुकटच रे."

नेहाने विचारलं, "म्हणजे पैसे मिळणार ना?"

"मिळणार गं."

दोन भांडणारी माणसं एकाच वेळी जिंकलेली मी पहिल्यांदाच पाहिली. अक्का जिना उतरायला लागल्या तेव्हा नेहाने वरून विचारलं, "अक्का, कधी?"

"मंगळवारी."

नेहाने लगेच दोन हनी केक सांगितले. मला अक्कांचा मंगळवार ठाऊक होता. शनिवारी ती दोघं चहाला खाली गेली, तेव्हा गुपचूप माझा ड्रॉवर रिकामा करून पिशवी भरून ठेवली.

मंगळवारी सकाळी दहाला जिन्यावर पावलं वाजली. अक्का. एका हातात साठ दुकानांची यादी, दुसऱ्या हातात चेक. अण्णा उभाच राहिला. नेहा डोळे पुसत हसत होती. मी पायाने पिशवी टेबलाखाली ढकलली.

"अक्का, तुम्ही खरंच मंगळवारी आलात?"

"मग? सांगितलं होतं ना मंगळवारी."

"आणि माझा ब्लाउज?"

अक्कांनी गळ्यातली टेप सारखी केली. "तो पुढच्या मंगळवारी."