‘माय वं’ आम्ही यादीतून काढलं

त्या हिवाळ्यात माझ्या अक्काचा ओठ दोनदा फुटला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, पाचोऱ्याला दिलेली. पहिल्यांदा तिनं सांगितलं, “न्हाणीत पडनू.” मी तेव्हा जळगावला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते आणि मला ते खरं वाटलं, इतकी मी मूर्ख! दुसऱ्यांदा मी समोरच होते. भाजीत मीठ जास्त पडलं, एवढंच निमित्त. दाजींनी ताट भिरकावलं, तिचे केस मुठीत धरले आणि तिचं तोंड ओट्यावर आपटलं. मी त्यांची कॉलर धरली, तर मला अशी थोबाडीत दिली की कानात शिट्टी वाजायला लागली. ओठातून रक्त गळत असताना अक्का मलाच सांगत होती, “तू मधमा नको पडू.”

धुळ्याजवळच्या आमच्या गावी जाऊन मी आबांना, म्हणजे वडिलांना, सगळं सांगितलं. ते मान खाली घालून म्हणाले, जावयाला समज देतो. दिली समज. वर चहा पाजला! जावईबुवा आणखी शेफारले. आजही ते आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

त्याच सुमारास कॉलेजात हॅकेथॉन लागलं. दीड दिवस एका हॉलमध्ये बसायचं आणि समाजातल्या एखाद्या प्रश्नावर चालणारं काहीतरी बनवून दाखवायचं. कुणी कचरा घेतला, कुणी पाणी घेतलं. मी म्हटलं, बायकांना घरात बसणारा मार. माझ्यासोबत दोघी होत्या, एक फैजपूरची, एक असोद्याची. आम्ही असं अ‍ॅप करायचं ठरवलं की फोन सतत ऐकत राहील आणि बाईची किंकाळी कानावर पडली की तिच्या तीन माणसांचे फोन वाजवील. तिनं बटण शोधायला नको, काही नको. माझ्यापुरती ती बाई एकच होती.

किंकाळी ओळखायची तर फोनला शब्द शिकवावे लागतात. यादीत सगळ्यात वर मी लिहिलं, ‘माय वं’. आमच्याकडच्या बाईला मार बसला की तोंडातून हेच निघतं. पण तव्याचा चटका बसला तरी हेच, पाल दिसली तरी हेच, आणि पाहुणे न सांगता दारात उभे राहिले तरी हेच! मेसच्या स्वयंपाकघरात आम्ही चाचणी घेतली, तर नुसता धिंगाणा. मावशींच्या हातून झारा पडला, “माय वं!”, की वाजले आमचे तिन्ही फोन. दुसऱ्या मावशींना हसताना ठसका लागला, “माय वं!”, पुन्हा वाजले. मावशींची हसून हसून पुरेवाट झाली.

आम्हाला सल्ला द्यायला पुण्याच्या एका कंपनीतले सर आले होते. ते म्हणाले, “हे काय, दर पाच मिनिटांनी बोंब? परीक्षक वैतागतील. संकटातली स्त्री ‘वाचवा’ म्हणेल, ‘मदत करा’ म्हणेल. तेवढेच शब्द ठेवा.”

फैजपूरची पटकन बोलली, “सर, आमच्याकडे असं कोणी म्हणत नाही हो.”

मी तिच्यावर खेकसले, “तू गप बस.” मला जिंकायचं होतं, खोटं कशाला बोलू? ‘माय वं’ मी माझ्या हातानं वरच्या यादीतून काढलं आणि फोननं ज्याकडे लक्ष द्यायचं नाही त्या खान्यात टाकलं. त्या खान्याला आम्ही नाव दिलं होतं, ‘साधं बोलणं’. स्टेजवर मी “वाचवा! वाचवा!” असं काही ओरडले की मागच्या रांगेतली पोरं उठून उभी राहिली. पहिला नंबर आला.

पुढच्या रविवारी ते अ‍ॅप मी अक्काच्या फोनमध्ये टाकलं आणि तिला बजावलं, हात उचलला रे उचलला की ‘वाचवा’ म्हणायचं. ती तोंडाला पदर लावून हसली. “मी काय सिनेमामधली बाई शे का?”

दीड महिन्यानं, भर दुपारी, मी लॅबमध्ये होते. फोन टेबलावर समोरच होता आणि तो वाजला तेव्हा अ‍ॅप नव्हतं, अक्काच्या शेजारच्या काकू होत्या. त्यांना भिंतीपलीकडून आवाज आला होता. “रोजचं माय वं मला कळतं गं,” काकू धापा टाकत सांगत होत्या, “हे तसं नव्हतं.” त्या हातात कपडे धुवायचं धोपटणं घेऊन तशाच धावल्या आणि लाथेनं दार उघडलं. दाजी अक्काच्या पाठीवर गुडघा रोवून तिचा हात मागे पिरगाळत होते. हाड मोडलेलं होतं, तरी सोडत नव्हते. काकूंनी त्यांच्या मनगटावर धोपटणं घातलं, मग खांद्यावर, मग जिथे बसेल तिथे. मला ते ऐकून आनंद झाला. अजून चार घालायला हवे होते.

सरकारी दवाखान्यात अक्काचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, एक डोळा सुजून मिटला होता. पोलीसबाई जबाबाचा कागद घेऊन कधीच्या बसल्या होत्या. अक्का भिंतीकडे तोंड करून पडली होती, कागद कोराच. आबा दाराबाहेर उभे होते. मी तिचा फोन उघडला. अ‍ॅपनं ऐकलेला प्रत्येक शब्द वेळेसकट नोंदवून ठेवला होता. माय वं, साधं बोलणं. माय वं, साधं बोलणं. बोटानं सरकवत राहिले तरी ते संपेना.

“मी कितली वरडनू,” अक्का म्हणाली. “तुन्हा फोन काबर नही वाजना?”

बिघडला असेल, असं सांगता आलं असतं. तिनं विश्वासही ठेवला असता. पण मी सांगितलं, की तू ज्या शब्दानं ओरडलीस तो मला माहीत होता, यादीत होता, आणि नंबर यावा म्हणून मी काढला.

“तूच काढं?”

मी मान हलवली. तिनं डाव्या हातानं माझ्या कानाखाली काढली. नर्स धावत आली, पोलीसबाई उठून उभ्या राहिल्या. अक्कानं जन्मात कुणावर हात उगारला नव्हता. तिला धाप लागली होती आणि ती स्वतःच्याच हाताकडे बघत होती.

“मारनारा तो,” ती म्हणाली, “आनि मी मारस तुले!”

मग ती पोलीसबाईंकडे वळली. “लिखा बाई. बठ्ठं सांगसू, पहिलेपासून.”

आबा लगबगीनं आत आले आणि काहीतरी बोलायला लागले. तिनं त्यांना हातानंच थांबवलं आणि दार लावून घ्यायला सांगितलं, बाहेरून.