माडाखालचां विमान

देवबागात आमच्या शेजारी एक पायलट रवता. त्याची कंपनी बंद पडली. तरी रोज सकाळी इस्त्रीचो युनिफॉर्म घालून तो माडाखाली खुर्चीत बसता, डोळे मिटता आणि हवेतली बटणां दाबता. म्हणता, "बोलावणां येतलां. तवसर हात विसराक नको."

मी शाळा न बघलेलो शाणो. एकदा मस्करीत मागे खुर्ची टाकून बसलंय.

"कॅप्टन, चाय गावतली काय?"

"गप रे. पट्टो बांध."

माझो हात आपसूक कमरेक गेलो. वारो थांबलो. आंबोलीचो घाट चढताना बसतत तसे कान बसले. "उतरलंव," म्हणान त्याने डोळे उघडले, तेव्हा खंय माझे पाय वाळूक लागले.

आता तो रोज माझी खुर्ची मांडता, आणि मी गाढव जावन बसतंय. देवाक सांगतंय, ह्येका बोलावणां लवकर येवंदे. नायतर एक दिवस हो हंयसूनच जातलो, आणि मागे पट्टो बांधून मी.