शालीचा कोपरा

त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. घरी त्या 'आई' आणि क्लबात 'टाकेबाई'. क्लब बड्या लोकांचा. आत जायला नुसता पैसा असून भागत नसे, कपडेही तसेच लागत. उसवलेली शिवण नाहीतर तुटलेलं बटण दिसलं, की दरवान हात आडवा घालायचा. मग नटूनथटून आलेली मंडळी तोंड पाडून मागच्या गल्लीत वळायची. तिथे क्लबाच्या भिंतीला लागून टाकेबाईंची खोली होती. आत एक मशीन, एक इस्त्री आणि एक उंच आरसा. खोली क्लबाने फुकट दिलेली. अट एकच, संध्याकाळी दिवे लागले की बाईंनी जागा सोडायची नाही. कोणाच्या कपड्याची चेन कधी दगा देईल, सांगता येतं का?

अहो, फुकटचं असं महाग पडतं! नवरा गेल्यावर बाई या खोलीत शिरल्या त्या शिरल्याच. लेकीची नाटकं, तिचे वाढदिवस, भाचीचं लग्न, सगळं भिंतीपलीकडे राहिलं. लहानपणी लेक विचारायची, "आई, तुला संध्याकाळ नसते का गं?" बाई हसून वेळ मारून न्यायच्या. हसण्यासारखं काय होतं त्यात!

तीच लेक आज नोकरीसाठी दूरच्या शहरात निघाली होती. सातची बस. पुन्हा कधी येणं होईल, तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. शिकवण्या करून तिने आईला एक मोरपंखी शाल घेतली होती. "जन्मभर दुसऱ्यांना नटवलंस. एक दिवस तू नटून ये मला सोडायला," असं म्हणून तिने आईकडून वचनच घेतलं होतं. क्लबाच्या मॅनेजरनेही सुट्टी कबूल केली होती. "जा की, एका दिवसाने काय आभाळ कोसळतंय?"

दिवेलागणीला बाईंनी केस विंचरले, शाल पांघरली आणि आरशात पाहिलं. त्या आरशात त्यांनी आजवर दुसऱ्यांच्या पाठीच पाहिल्या होत्या. आपण बऱ्या दिसतो की, असं वाटून त्यांना जरा लाजल्यासारखंच झालं.

तेवढ्यात मॅनेजर दारात. बरोबर एक बाईसाहेब, दोन्ही हातांनी पाठीवरचा ड्रेस धरलेल्या, आणि मागे घड्याळ बघणारा त्यांचा नवरा.

"टाकेबाई, मोठं गिऱ्हाईक आहे हो. दोनच मिनिटं," मॅनेजर म्हणाला.

चेन वरपासून खालपर्यंत फाकली होती. नवी बसवायला वेळ नाही, म्हणजे उपाय एकच. ड्रेस अंगावरच शिवून टाकायचा. असं शिवलेलं माणूस मग बाईंनीच सोडवायचं असे, कारण टाके अगदी कातडीला लागून. दुसऱ्याचा हात चुकला की रक्तच.

"श्वास धरा," बाई म्हणाल्या आणि भराभर सुई चालवू लागल्या. एक डोळा टाक्यावर, एक घड्याळावर. शेवटी दाताने दोरा तोडला, "झालं!" म्हणून वळल्या, तर बाईसाहेब उलट्या पावली त्यांच्या मागे!

"अगंबाई, मला ओढताय काय?"

शालीचा कोपरा ड्रेसमध्ये शिवला गेला होता. घाईत आपलंच वस्त्र कापडाबरोबर शिवायचं, ही नवशिक्यांची खोड. इतक्या वर्षांनी, आणि तीही आजच!

नवरा फिदीफिदी हसला. मॅनेजर घाईघाईने म्हणाला, "उसवत बसू नका हं, आत टेबलावर मंडळी थांबलीत."

बाईंनी कात्री उचलली आणि आपली शाल कापली. रेघ सरळ आली.

"नवी होती का हो?" बाईसाहेबांनी विचारलं.

"छे, जुनीच," बाई म्हणाल्या.

"आणि हे मला काढायचं झालं तर?"

बाईंनी छोटी कात्री नवऱ्यापुढे धरली, तसा तो दोन पावलं मागे सरकला. "मी? छे छे, मला नाही जमणार!"

"मग थांबा हो टाकेबाई," मॅनेजर म्हणाला. "यांना काही झालं, तर उद्या ही खोली..." तिघेही निघून गेले.

बाई तशाच बसून राहिल्या. सात वाजून गेले. मग फोन वाजला.

"गेली ना गं बस?" बाईंना रडू आवरेना.

"नाही गेली. बस आठची आहे," लेक हसत म्हणाली. "तुझे क्लबवाले मला माहीत नाहीत का? म्हणून तुला सातची सांगितली. अजून वेळ आहे. टॅक्सी कर आणि ये."

बाई ताडकन उठल्या. दारापर्यंत गेल्या. दाराला ना कडी होती ना कुलूप, गल्लीतही कोणी नव्हतं. भिंतीपलीकडे मात्र त्या बाईसाहेब टाकेबाईंच्याच टाक्यांत अडकून बसल्या होत्या.

"निघाले गं," त्या म्हणाल्या. "टॅक्सीतच आहे."

आणि नेमकी त्याच क्षणी क्लबातली गाणी सुरू झाली. भिंत धडधडू लागली. फोनवर लेकीलाही ते ऐकू गेलं.

"आई," ती हळूच म्हणाली, "शाल पांघरलीस ना?"

"हो."

"कशी दिसते?"

बाईंनी आरशासमोर उभं राहून कापलेली बाजू आत दुमडली.

"छान दिसते गं," त्या म्हणाल्या, आणि स्टुलावर बसल्या.